वसंताच्या वेशीवरील पाहुणे : भातशिवार आणि पाणपक्षी



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. अशा व्यासपीठावर बहुधा संतसाहित्य, इतिहास किंवा शिक्षण हे विषय येतात. त्यांच्या पंक्तीत पाणपक्ष्यांना बसविणे कोणाला काहीसे पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या गावाच्या डोईवर राजहंसगड उभा आहे, त्या गावात पक्ष्यांविषयी बोलायला वेगळी परवानगी कशाला हवी? गडाला हे नाव कसे पडले, या वादात मी शिरत नाही. तो इतिहासकारांचा प्रांत आहे. मी बोलणार आहे ते खऱ्याखुऱ्या हंसांविषयी.

आपल्याकडे ज्याला पट्टकदंब किंवा पट्टेरी राजहंस म्हणतात, त्याच्या पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूस दोन काळे आडवे पट्टे असतात. मंगोलियात आणि तिबेटच्या पठारावर सरोवरांच्या काठी त्याची वीण होते. हिवाळा आला की तो हिमालय ओलांडून दक्षिणेस उतरतो. विरळ हवेतही प्राणवायू घट्ट धरून ठेवण्याची शक्ती त्याच्या रक्तात आहे, म्हणून हा प्रवास त्याला साधतो. मंगोलियात गळ्यात खुणेची पट्टी बांधलेले हंस कर्नाटकातील तळ्यांवर आढळले आहेत. गदग जिल्ह्यातील मागडीचा तलाव हा त्यांचा प्रसिद्ध मुक्काम. 2024 साली त्या तलावाचा समावेश रामसर यादीत झाला. हे हंस दिवसा पाण्यावर विसावतात आणि अंधार पडला की भोवतालच्या शेतांत चरावयास जातात. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारे विवेचन तिच्यावरच उभे आहे. पाणथळ जागा तळ्याच्या काठाशी संपत नाही.

इंग्लंडातील नॉरफक परगण्यात रॉबर्ट मार्शम या गृहस्थाने 1736 पासून वसंताच्या खुणा टिपून ठेवल्या. पहिली भिंगरी केव्हा दिसली, पहिला कोकीळ केव्हा ऐकू आला, कोणत्या झाडाला पालवी केव्हा फुटली, एवढेच त्यात असे. त्याच्या मागे त्याच्या वंशजांनी ते काम 1958 पर्यंत चालविले. आज हवामानातील पालट अभ्यासणाऱ्यांना ती वही अमोल वाटते. तिकडच्या पक्षिप्रेमींचा वसंत असा आगमनाचा असतो. आपला तसा नाही. माघ सरून फाल्गुन लागला की आपल्याकडे निरोपाची लगबग सुरू होते. इथे ज्या तारखेला मोल आहे, ती शेवटच्या दर्शनाची.

निघण्यापूर्वी हे पाहुणे जणू लग्नाला निघाल्यासारखे नटतात. हिवाळाभर मळकट दिसणाऱ्या पाणटिवळ्याच्या मानेवर आणि छातीवर विटकरी रंग चढू लागतो. पिवळ्या धोब्याचे पोट हळदीसारखे उजळते. बदकांमध्ये चक्रांग हा पावसाळा सरण्याआधी येणारा आणि मागाहून जाणारा पाहुणा. थापट्या आणि तलवार बदके दिसेनाशी झाली तरी तो रेंगाळलेला सापडतो. याच दिवसांत हे पक्षी अधाशासारखे खातात, कारण अंगावर चढलेली चरबी हीच त्यांची वाटेवरची शिदोरी. फाल्गुनातील एका पंधरवड्याचा चारा हुकला, तर त्याची किंमत हजारो मैलांवर, घरट्यात मोजावी लागते.

आपल्या मुलखातील नोंदींची परंपरा वाटते तितकी अलीकडची नाही. बटलर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने बेळगावच्या वास्तव्यात पक्षी पाहिले, त्यांची घरटी धुंडाळली. 1881 मध्ये ह्यूमसाहेबांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात त्याने दख्खन आणि दक्षिण मराठा मुलूख यांतील पक्ष्यांची विस्तृत यादी प्रसिद्ध केली. बंदूक हाती घेऊन पक्षी ओळखण्याचा तो काळ होता. ती पद्धत आज कोणी अनुसरू नये. पण तारीख आणि ठिकाण लिहून ठेवण्याची शिस्त मात्र घेण्यासारखी आहे. मराठी नावांच्या बाबतीत आपण श्री. मारुती चितमपल्लींचे उपकार विसरू शकत नाही. 2025 साली ते निवर्तले. त्यांच्या ‘पक्षिकोशा’मुळे आपल्या भाषेत पक्ष्यांविषयी नेमके बोलणे शक्य झाले.

आता राखीव क्षेत्रांकडे वळू. आपल्याच जिल्ह्यात, गोकाक तालुक्यात, धुपदाळच्या बंधाऱ्यामागे घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. कांड्या करकोचे आणि श्वेत करकोचे हे तेथील हिवाळी मानकरी. नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मधमेश्वर आहे. 2020 साली रामसर यादीत गेलेले ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ. दोन्ही ठिकाणी पाणी अडविले ते शेतीसाठी, पक्ष्यांसाठी नव्हे. पुढे गाळ साचला, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती माजल्या, आणि जिथे इंजिनिअरच्या कपाळाला आठी पडली तिथेच थापट्याला ताट वाढलेले मिळाले.

मग येळ्ळूरचे काय? इथे अभयारण्य नाही. इथे काळ्या जमिनीचे भातशिवार आहे. पावसाळ्यात ते गुडघाभर पाण्यात उभे असते. सुगी झाली की उरलेल्या ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा येतो. ढोकरी, गायबगळे, शराटी, टिटव्या, शेकाटे यांना हे शिवार पुरते. जमीन वाळू लागली की नाल्याकाठच्या आणि सखल वाफ्यांतल्या शेवटच्या ओलीवर ते गोळा होतात. वरून भोवत्या घिरट्या घालतो. फाल्गुनात सकाळी बांधावर उभे राहिल्यास हे सारे अर्ध्या तासात दिसते, दुर्बीण नसली तरी.

या शिवाराला पाणथळ म्हणावे की नाही, हा प्रश्न दिसतो तितका शाब्दिक नाही. इराणमधील रामसर येथे 2 फेब्रुवारी 1971 रोजी झालेल्या करारात भारत 1982 साली सामील झाला. त्या कराराच्या सदस्य राष्ट्रांनी 2008 मध्ये दक्षिण कोरियातील चांगवन येथे भातशेती ही पाणथळ व्यवस्था असल्याचे मान्य करून तिच्यातील जीववैविध्य वाढविण्याचा ठराव केला. आपल्या देशाच्या 2017 च्या पाणथळ नियमांनी मात्र भातशेते व्याख्येतून वगळली. पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले जलाशयही वगळले. म्हणजे राकसकोपचा जलाशयदेखील नियमाच्या दृष्टीने पाणथळ नव्हे! पक्ष्यांना हा नियम कोणी वाचून दाखविलेला नाही.

मी या वगळण्याला सरसकट नावे ठेवणार नाही. आधीच नडलेल्या शेतकऱ्याच्या बांधावर आणखी एक सरकारी खाते उभे राहावे, असे मला मुळीच वाटत नाही. कांड्या करकोच्यांचा थवा हरभऱ्यात उतरला, तर नुकसान त्याचेच होते. शहरात बसून पक्षिप्रेम सांगणाऱ्याचे काही जात नाही. पण वगळलेल्या जमिनीचा दुसरा अर्थ असा की, तिच्यावर रस्ता, भराव किंवा प्लॉट पाडताना तिथल्या पाखरांचा विचार पाणथळ नियमांखाली कोणी करीत नाही. हलगा-मच्छे बायपासच्या प्रश्नात इथल्या शेतकऱ्यांनी सुपीक जमिनीसाठी न्यायालयात किती दीर्घ झुंज दिली, हे आपण माझ्याहून अधिक जाणता. ते भातासाठी लढले. भाताबरोबर शराटीचीही बाजू मांडली गेली, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

राजस्थानातील खीचन गावाने कांड्या करकोच्यांना वर्षानुवर्षे दाणा घातला. 2025 मध्ये ते स्थळ रामसर यादीत गेले. येळ्ळूरने दाणा घालावा असे माझे म्हणणे नाही. आपली ऐपत आणि आपली शेती निराळी आहे. माझी मागणी लहान आहे. शाळेने एक जाड पुठ्ठ्याची वही करावी. तारीख, वार, शिवाराचे नाव, पक्ष्याचे नाव, संख्या, आणि वाफ्यात पाणी किती, चिखल किती, एवढे सहा रकाने पुरेत. नाव ठाऊक नसल्यास वर्णन लिहावे, अंदाजाने नाव ठोकू नये. पक्षी दिसला नाही तर ‘दिसला नाही’ हेही लिहावे. निरोपाची तारीख त्या कोऱ्या दिवसांवरूनच ठरते. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होत आली आहे. आपली वही फाल्गुनाची असावी, कारण ती गणना आटोपल्यानंतरचे हे दिवस आहेत.

वही मी सोबत आणली आहे. व्याख्यान संपल्यावर ती मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीन. ज्या विद्यार्थ्यांना पहिले पान भरावयाचे असेल, त्यांनी उद्या सकाळी साडेसहाला शाळेच्या फाटकाशी यावे. चपला नकोत, बूट घालावेत. बांध अजून ओले आहेत.