विवेकाचे वय



एस.टी.च्या गाडीत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धे तिकीट असते. सुट्टीत गावी निघालेल्या एखाद्या कुटुंबातील मुलाला नुकतेच तेरावे लागलेले असते. गाडीत चढण्यापूर्वी वडील त्याला हळूच सांगतात, "कंडक्टरने विचारले, तर अकरा सांग." मुलगा तसे सांगतो. चार पैसे वाचतात, प्रवास सुखरूप पार पडतो. प्रसंग क्षुल्लक खरा. पण त्या क्षणी मुलाच्या मनात काय घडते, हा प्रश्न मात्र क्षुल्लक नाही. विसाव्या शतकातील काही विचारवंतांनी आयुष्याची अनेक वर्षे याच प्रश्नाच्या अभ्यासात घालवली.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचा मुलांच्या नैतिक निर्णयांवरील ग्रंथ १९३२ साली प्रसिद्ध झाला. ते मुलांना दोन गोष्टी सांगत. एका मुलाने जेवायला येताना दार ढकलले आणि दारामागे ठेवलेले पंधरा कप नकळत फुटले. दुसऱ्याने आई घरात नसताना चोरून मुरंबा काढायला हात घातला आणि एक कप फुटला. अधिक दोषी कोण? लहान मुले बहुधा पंधरा कप फोडणाऱ्याकडे बोट दाखवीत; काहीशी मोठी मुले हेतूचा विचार करीत. म्हणजे नुकसान मोजणारे मन हळूहळू हेतू पारखू लागते.

अमेरिकेतील लॉरेन्स कोहलबर्ग यांनी १९५८ साली शिकागो विद्यापीठातील आपल्या प्रबंधात हा विचार पुढे नेला. मरणासन्न पत्नीसाठी न परवडणारे औषध पतीने चोरावे काय, असा पेच ते मुलांपुढे ठेवीत. उत्तर होकारार्थी की नकारार्थी, याला त्यांच्या लेखी महत्त्व नव्हते. महत्त्व होते ते कारणाला. शिक्षा होईल म्हणून, फायदा आहे म्हणून, लोक नावे ठेवतील म्हणून, कायदा आहे म्हणून आणि अखेर कायद्यामागील न्यायतत्त्वासाठी, अशा पायऱ्या त्यांना दिसल्या. या पेचाला त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचीही पार्श्वभूमी होती. १९४७ साली ते ज्यू निर्वासितांना ब्रिटिशांची नाकेबंदी चुकवून पॅलेस्टाइनला नेणाऱ्या जहाजावर होते. कायदा आणि न्याय नेहमी एकाच बाजूस उभे असतात असे नाही, याचा अनुभव त्यांनी घेतला होता.

कोहलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५८ मुलांचा वीस वर्षे मागोवा घेतला. त्याचा अहवाल १९८३ साली प्रसिद्ध झाला. वयाबरोबर शिक्षेचे भय आणि स्वार्थ ही कारणे मागे पडत गेली. पुष्कळजण समाजमान्यता आणि कायद्याचा आदर येथवर पोहोचले. त्यापुढे गेलेले थोडे, आणि तेही प्रौढ वयात. या अभ्यासात सारे मुलगेच होते. तेव्हा न्यायाइतकेच आपुलकी आणि जबाबदारी यांनाही नीतिविचारात स्थान हवे, असा आक्षेप कॅरॉल गिलिगन यांनी १९८२ साली आपल्या ग्रंथात घेतला. घर चालवणाऱ्या कोणत्याही मातेला तो सहज पटावा.

संस्कार म्हणजे मुंजीच्या वयापर्यंत आटोपण्याचे काम, अशी अनेक घरांत समजूत असते. या अभ्यासातून निराळेच दिसते. विवेकाची वाढ चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंतही सुरू राहू शकते. मात्र केस पिकले म्हणजे ती आपोआप होते, असेही नव्हे. द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला, तेव्हा वयाने, ज्ञानाने आणि अधिकाराने श्रेष्ठ असलेल्या भीष्मांना निर्णय देता आला नाही. धर्म सूक्ष्म आहे, एवढेच ते म्हणाले. कौरवांपैकीच एक असलेला तरुण विकर्ण मात्र उभा राहिला आणि द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असे त्याने भर सभेत सांगितले. कर्णाने त्याला पोरकट ठरवून गप्प केले. पण भीष्मांचे मौन आणि विकर्णाचे बोल, दोन्ही महाभारतकारांनी जतन केले आहेत.

घराघरांत असे विकर्ण असतात. "बाबा, मी बारा पूर्ण केली ना?" असे एखादा मुलगा गाडीतच विचारतो आणि डोळे वटारून त्याला गप्प केले जाते. त्या वेळी तो खोटे बोलण्यापेक्षाही घातक असे काही शिकतो: प्रश्न विचारू नये. सत्यावर दिलेली दहा व्याख्याने हा धडा पुसू शकत नाहीत.

मग उपाय काय? मुलाला कारण विचारावे, त्याचे उत्तर ऐकून घ्यावे आणि त्याहून एक पायरी वरचे कारण त्याच्यापुढे ठेवावे. "पकडले गेलो तर?" एवढ्यावर तो थांबला असेल, तर ती गाडी सर्वांच्या पैशांवर चालते, हे त्याला सांगावे. आणि चूक थोरांची असेल, तर ती थोरांनीच मान्य करावी. परतीच्या प्रवासात वडिलांनी त्या मुलासमोर पूर्ण तिकीट मागावे आणि "जाताना माझे चुकले" एवढे म्हणावे. त्या दिवशी मुलाचा विवेक तर वाढेलच, वडिलांचाही वाढेल.