तरंगणाऱ्या गाडीलाही भिंत लागते
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



‘तू सॉफ्टवेअरमधली, तेव्हा संगणकावर दहा मिनिटं बोल,’ असा मला आयोजकांचा निरोप होता. बोलते, पण जरा वाट वाकडी करून. या टेबलावर खेळण्यातल्या ब्लॉकची एक गाडी आहे. तिला चाकं नाहीत. मागच्या रांगेतल्यांना दिसत नसेल, तर जेवणाच्या सुट्टीत पुढे या. हात लावला तरी कोणी ओरडणार नाही.

चुंबकाचे सजातीय ध्रुव एकमेकांना दूर ढकलतात, हे आपण सगळ्यांनी पाठ केलं होतं. ही गाडी त्या एका वाक्यावर उभी आहे. खाली रुळांच्या जागी चपट्या सिरॅमिक चुंबकांच्या दोन रांगा आहेत, सगळ्यांचा उत्तर ध्रुव वर. गाडीच्या पोटाशी चार चुंबक आहेत, त्यांचा उत्तर ध्रुव खाली. शेजारी-शेजारी ठेवलेले चुंबकही आपसांत भांडतात, उलटायला बघतात. म्हणून प्रत्येकाला ब्लॉकच्या चौकटीत कोंडावं लागतं. दोन चुंबकांत मोठी फट राहिली, तर गाडी नेमकी तिथेच अडते. फ्रिजवर चिकटवायची मऊ पट्टी इथे चालत नाही, कारण तिच्या एकाच बाजूवर उत्तर आणि दक्षिण ध्रुव आलटून-पालटून असतात.

ब्लॉकच का, असं विचाराल. लेगोच्या ब्लॉकवरचे गोल उंचवटे एकमेकांपासून बरोबर ८ मिलिमीटरवर असतात. त्यामुळे वरचे आणि खालचे चुंबक मोजपट्टी न लावता समोरासमोर येतात. प्लास्टिकवर चुंबकाचा परिणाम होत नाही. आणि चुकलं तर उपसून पुन्हा लावता येतं, हा सगळ्यात मोठा फायदा.

आता या दोन्ही बाजूंच्या ठेंगण्या भिंती बघा. मी त्या काढते. बघितलंत? गाडी बाजूला सरकली, फिरली आणि उलटी होऊन चुंबकांना चिकटली. चुंबक कितीही महाग आणा, कसेही मांडा, हेच होणार. पालथ्या वाटीवर गोटी ठेवल्यासारखं आहे हे. सॅम्युअल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने १८४२ मध्येच हे गणिताने दाखवून दिलं होतं. नुसते स्थिर कायमचुंबक मांडून एखादी वस्तू हवेत स्थिर तरंगत ठेवता येत नाही. तिला आणखी कशाचा तरी आधार लागतो. आपल्या गाडीला तो या भिंतींचा आहे. म्हणून ती तरंगते खरी, पण कडेला थोडी घासतेही.

मग खऱ्या गाड्यांचं काय? शांघायमध्ये शहरापासून विमानतळापर्यंत सुमारे ३० किलोमीटरचा मार्ग आहे. तिथली चुंबकीय गाडी २००४ पासून प्रवाशांसाठी धावते आहे आणि तिने ताशी ४३१ किलोमीटरचा वेग गाठलेला आहे. ती ढकलण्यावर नाही, ओढण्यावर चालते. गाडीचे विद्युतचुंबक मार्गाला खालून कवेत घेतात आणि वर ओढले जातात. मधली फट जेमतेम एक सेंटिमीटर. फट कमी झाली की ओढ वाढते, म्हणजे गाडी जाऊन चिकटायलाच हवी. चिकटत नाही, कारण फट सतत मोजली जाते आणि तिच्याप्रमाणे विजेचा प्रवाह क्षणोक्षणी कमी-जास्त केला जातो. आपल्या मॉडेलमध्ये जे काम भिंत करते, ते तिथे हे मोजमाप आणि नियंत्रण करतं. हा झाला माझा संगणकाचा विषय! आम्ही लिहितो ते पुष्कळसे प्रोग्रॅम अशीच न दिसणारी भिंत असतात.

जपानची तऱ्हा वेगळी. तिथल्या गाडीत अतिवाहक चुंबक आहेत, उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेले. गाडी वेगात निघाली की मार्गाच्या बाजूच्या भिंतींतल्या तारांच्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते आणि तीच गाडीला उचलून मधोमध धरते. वेग कमी असताना मात्र ही गाडीसुद्धा रबरी चाकांवरच चालते. २१ एप्रिल २०१५ रोजी यामानाशीच्या चाचणी मार्गावर तिने ताशी ६०३ किलोमीटरचा वेग गाठला. आपली मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन या जातीची नाही बरं का. ती रुळांवर, चाकांवरच धावणार आहे.

हे सगळं सांगण्याचं कारण आता सांगते. आपल्या निधीतून शाळेला संगणक आणि मोठा पडदा मिळणार आहे. संगणकावरच माझं पोट भरतं, त्याला माझा विरोध कसा असेल? पण पडद्यावर तरंगणारी गाडी पाहिली की मूल ‘भारी!’ म्हणतं आणि पुढच्या व्हिडिओकडे वळतं. भिंत काढून बघावी, असं त्याच्या मनात येत नाही, कारण पडद्यावरची भिंत काढता येत नाही. आपल्या वेळी पट्टीचुंबक दोन आणि वर्गात आम्ही साठजण. आम्ही ते लांबूनच पाहिले. आजच्या मुलांनीही लांबूनच पाहायचं असेल, तर नुसता पडदा मोठा करून काय मिळवलं?

म्हणून माझी विनंती आहे की, निधीतला थोडा भाग हाताळायच्या वस्तूंसाठी बाजूला ठेवू या. परदेशी ब्लॉक महाग वाटले तर आपल्याकडचे घ्या, तेही नसतील तर जाड पुठ्ठाही चालतो. मुलांना एक प्रयोग जरूर करू द्या. गाडीवर एकेक सारखा ब्लॉक ठेवायचा आणि खालची फट मोजायची. पहिला ब्लॉक गाडीला जितकं खाली नेतो, तितकं दहावा नेत नाही. याचा आलेख मुलांनी स्वतः काढला, तर तो जन्मात विसरणार नाहीत. वजनाला नाणी मात्र नकोत, आपली एक-दोन रुपयांची पोलादी नाणी चुंबकाला चिकटतात. आणि एक इशारा. छोटे, चकचकीत निओडिमियम चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नका. असे दोन चुंबक पोटात गेले तर आतडी मध्ये चिमटली जातात आणि प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जातं.

वस्तू आणल्या की त्या कपाटात कुलूपबंद होणार नाहीत, एवढं आपण बघायला हवं. त्यासाठी पैशांपेक्षा माणसं लागतील. महिन्यातला एक शनिवार मी देते. आपल्यात वीज मंडळातले आहेत, वर्कशॉपवाले आहेत, शिवणकाम करणाऱ्या आहेत, शेती करणारे आहेत. प्रत्येकाच्या हातात काही ना काही आहे. आणखी अकरा जणांनी नावं दिली, तर प्रत्येक शनिवारी तिघं येतील. वही माझ्याकडेच आहे. जेवायला जाण्याआधी नाव लिहा.