औषध नव्हे, विष

(कोरेगाव येथील केंद्रसंमेलनात प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



घरात घेवड्याची पोती आली की उंदीर येतात आणि उंदरांमागून ‘उंदरांचे औषध’ येते. विषाला औषध म्हणण्याची आपली ही सवय घातक आहे. ती मला कशी भोवली, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशा औषधाची वडी पोत्यांमागे ठेवली. आमच्या कुत्र्याने ती खाल्ली. दोन दिवस तो नित्याप्रमाणे भाकरी खात होता. म्हणून आम्ही निश्चिंत राहिलो. चौथ्या दिवशी त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. पशुवैद्यांनी प्रथम वेष्टन मागितले. ते मी फेकून दिले होते. सायंकाळपूर्वीच तो इमानी जीव गेला.

ब्रोमॅडिओलोनसारखे विष रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडते. त्याची लक्षणे बहुधा तीन ते पाच दिवसांनी दिसतात. परंतु वेळीच ‘के-१’ जीवनसत्त्व दिल्यास प्राणी वाचू शकतो. झिंक फॉस्फाइडची गोष्ट निराळी. पोटातील आम्लाशी संयोग होऊन त्यापासून विषारी वायू निर्माण होतो आणि काही तासांतच प्राण धोक्यात येतो. त्यावर उतारा नाही. अशा प्राण्याची ओकारी हुंगणे माणसासही अपायकारक असते. म्हणूनच कोणते विष पोटात गेले, हे वेष्टनावरून कळणे अगत्याचे आहे.

तेव्हा विष कुत्र्याचे तोंड पोहोचणार नाही अशा बंद पेटीत ठेवावे. मेलेले उंदीर खोल पुरावेत. ते खाल्ल्यानेही कुत्र्यास बाधा होते. विष खाल्ल्याचा संशय येताच लक्षणांची वाट पाहू नये. दूध, तेल वा मिठाचे पाणी पाजू नये. वेष्टन घेऊन तत्काळ पशुवैद्यांकडे जावे, अथवा १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

१९७१ च्या नियमांनुसार अशा वेष्टनांवर रंगीत त्रिकोण असतो. तांबडा सर्वांत जहाल. त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असे मात्र नव्हे. या त्रिकोणाचे चित्र फळ्यावर काढून मुलांना समजावून द्यावे. वेष्टनास हात न लावता वडीलधाऱ्यांकडून ते वाचून घ्यावे, असेही त्यांना सांगावे.

अक्षरओळख ही केवळ परीक्षेसाठी नसते. आपल्या वर्गातील एखाद्या मुलाने घरी जाऊन, “बाबा, हे औषध नव्हे, विष आहे,” एवढे जरी म्हटले, तरी दारचा मुका राखणदार वाचेल. आणि अंगणात रांगणारे मूलही.