एकाच वाटेचा उजेड

मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. विज्ञान शाळेतच सुटलं. तरी आज काचेच्या तारेतून जाणाऱ्या उजेडाबद्दल बोलणार आहे, कारण त्याच्याविषयी मी एकदा कवितेत चुकीचं लिहून बसलो होतो.

गेल्या पावसाळ्यात कोकणातल्या आमच्या गावाजवळ खोदाईच्या यंत्राने केबल तोडली. फोन, इंटरनेट बंद. मोबाईलचे टॉवरही त्याच केबलवर, म्हणून तेही मुके. माझी मुलगी कुवेतला असते आणि तिचे दिवस भरत आले होते. घरात बसवेना. छत्री घेतली आणि खड्ड्यापाशी जाऊन उभा राहिलो.

पंचविशीतला एक मुलगा ताडपत्रीखाली तारा जोडत होता. केसासारख्या बारीक, ओळखू याव्यात म्हणून वेगवेगळ्या रंगांच्या. तो रंगाचं आवरण सोलायचा, आतली काच स्पिरिटने पुसायचा, टोक सरळ कापायचा आणि दोन टोकं एका छोट्या यंत्रात समोरासमोर ठेवायचा. ठिणगी पडली की काच वितळून काचेला जोडली जायची.

मी विचारलं, ''उजेड आतल्या भिंतींवर आपटत आपटत पुढे जातो ना?'' माझ्या कवितेत तो तसाच होता, कोठडीतल्या कैद्यासारखा.

तो हसला. ''चाचा, ते जाड गाभ्याच्या तारेत. हिच्यात आपटायला जागाच नाही.''

जागा का नाही, ते मी नंतर पुस्तकांतून समजून घेतलं. ही तार १२५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा. तिचा गाभा मात्र जेमतेम ८-९ मायक्रॉनचा. जाड गाभ्यात, समजा ५० मायक्रॉनच्या, उजेडाला अनेक वाटा मिळतात. शाळा सुटल्यावर पोरं वेगवेगळ्या वाटांनी निघाली तर घरी मागेपुढे पोहोचतात, तसं होतं. उजेडाचा एक ठिपका लांबत जातो, मागच्या ठिपक्यात मिसळतो आणि दूरवर पाठवलेला निरोप वाचता येत नाही.

बारीक गाभ्यात वाट एकच. उजेड ही लाट आहे. या तारांत डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात, त्याच्या लाटेची लांबी साधारण दीड मायक्रॉन. इतक्या अरुंद गाभ्यात लाटेची एकच मांडणी टिकते, बाकीच्या बाहेर सांडून जातात. लाटेचा स्वभाव पसरण्याचा. गाभ्याची काच भोवतालच्या काचेपेक्षा उजेडाला किंचित जास्त रोखते, त्यामुळे लाट मध्याकडे गोळा होते. पसरणं आणि गोळा होणं यांचा मेळ बसला की ती तोच आकार घेऊन पुढे जात राहते. मध्यावर तेजस्वी, कडेला मंद, आणि थोडी तर गाभ्याबाहेरच्या काचेतूनही चालते. म्हणून ती बाहेरची काचही तितकीच निर्मळ लागते.

निर्मळ काचेचा हा आग्रह चार्ल्स काव यांचा. १९६६ साली ब्रिटनमध्ये त्यांनी आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी लिहिलं, की उजेड काच गिळत नाही, काचेतली अशुद्ध द्रव्यं गिळतात. त्यांच्या निबंधातली तारही एकाच वाटेची होती. किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक हिस्सा उजेड उरला तरी काम भागेल, असा त्यांचा हिशेब होता. आजच्या चांगल्या तारेत १५ किलोमीटरनंतरही निम्मा उरतो. काव यांना २००९ साली नोबेल मिळालं.

त्या दिवशी मात्र मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दिवेलागणीला शेवटचा जोड झाला. मुलाने यंत्राच्या पडद्याकडे पाहून मान हलवली आणि म्हणाला, ''आता लावा फोन.''

जावयांनी उचलला. मुलगी झाली होती, आदल्याच दिवशी. आम्हाला पत्ताच नव्हता. त्यांनी फोन बाळाजवळ धरला. काचेत उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तीन हजार किलोमीटरची तार धरली, तर ते रडणं उजेडाच्या पाठीवरून सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याहून थोड्याच जास्त वेळात पार झालं असणार. माझी बायको दुपट्ट्याने डोळे पुसत होती, आणि मला तो चिखलात उकिडवा बसलेला मुलगा आठवत होता.

कवितेतला तो कैदी मी खोडून टाकला आहे. त्याच्या जागी काय लिहावं, ते अजून सुचलेलं नाही.