मोरांचे अकरा दिवस : सेंट पीटर्सने केंटकीला हरवलं त्याची गोष्ट

(पॉडकास्टच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेल्या काही पुनरुक्ती काढल्या आहेत, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

आजचा भाग बास्केटबॉलवर आहे. तुमच्यातले काहीजण आत्ताच कानातून हेडफोन काढायच्या बेतात असतील, त्यांना विनंती की दहा मिनिटं थांबा. बास्केटबॉलचे नियम माहीत नसले तरी चालतील. गोष्ट आहे एका लहान कॉलेजची. त्याने एका फार मोठ्या कॉलेजला हरवलं, त्यानंतर त्या लहान कॉलेजचं काय झालं, आणि मला जास्त बोलायचंय ते या दुसऱ्या भागाबद्दल.

आधी जागा सांगतो. न्यू जर्सीतलं जर्सी सिटी. आपल्या ऐकणाऱ्यांपैकी बरेचजण तिथे राहतात किंवा कधीतरी राहिलेत. जर्नल स्क्वेअरला पाथ ट्रेनमधून उतरलं की जवळच न्यूआर्क अॅव्हेन्यूवर ‘इंडिया स्क्वेअर’ लागतं. डोसा, मिठाई, साड्या, किराणा, सगळं एका रांगेत. तिथून केनेडी बुलेव्हार्डने दक्षिणेला चालत निघालात तर वीस-पंचवीस मिनिटांत सेंट पीटर्स युनिव्हर्सिटी येते. नाव युनिव्हर्सिटी, पण आकार आपल्याकडच्या एखाद्या मध्यम कॉलेजएवढा, विद्यार्थी तीन हजारांच्या आसपास. जेझुइट पाद्र्यांनी १८७२ साली स्थापन केलेली संस्था. घरात कॉलेजचं तोंड बघणारी पहिलीच पिढी असलेली मुलं इथे भरपूर. इंडिया स्क्वेअरला वर्षानुवर्षं भाजी घ्यायला जाणाऱ्या कितीतरी लोकांना २०२२ पर्यंत हे कॉलेज तिथे आहे याचा पत्ताच नव्हता.

त्यांच्या संघाचं नाव पीकॉक्स, म्हणजे मोर. अमेरिकेत वाघ, अस्वल, गरुड, बुलडॉग अशा नावांचे संघ पायलीला पन्नास मिळतील. पहिल्या श्रेणीच्या कॉलेज खेळात मोर मात्र एवढा एकच. याच्यामागे एक छान कारण आहे. सतराव्या शतकात हडसनच्या या काठावर डच लोकांची वसाहत होती. ज्याच्या नावावर ती जमीन होती त्याचं आडनाव पाव, आणि डच भाषेत ‘पाव’ म्हणजे मोर. त्याचं लॅटिन रूप करून वसाहतीला नाव दिलं पावोनिया. न्यूपोर्टचं पाथ स्टेशन काही वर्षांपूर्वीपर्यंत ‘पावोनिया/न्यूपोर्ट’ होतं, हे जुन्या लोकांना आठवत असेल. तर तो मोर तिथून आला. आपल्या राष्ट्रीय पक्ष्याशी त्याचा काही संबंध नाही, पण २०२२ च्या मार्चमध्ये आपल्या लोकांनी तो लावून घेतला, आणि त्यात काही बिघडलं नाही.

आता स्पर्धा. कॉलेज खेळांची अमेरिकेतली मुख्य संस्था म्हणजे एनसीएए. दर मार्चमध्ये त्यांची बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा होते. ६८ संघ, सरळ बाद फेरी. हरलात की घरी. संघांचे चार गट असतात आणि प्रत्येक गटात १ ते १६ अशी मानांकनं. पहिल्या फेरीत १ विरुद्ध १६, २ विरुद्ध १५ अशा जोड्या लागतात. म्हणजे सगळ्यात तगड्यासमोर सगळ्यात दुबळा. स्पर्धेआधी सगळा देश निकालांचे अंदाज भरून ठेवतो, त्याला ब्रॅकेट म्हणतात. अमेरिकेतल्या आयटी ऑफिसांत आपली मंडळीही पाच-दहा डॉलर लावून ब्रॅकेट भरतात, बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नसलं तरी. आणि त्यात २ विरुद्ध १५ च्या चौकटीत कुणी फार डोकं लावत नाही, २ ला टिक करून पुढे जातात. ते वेडेपणाचं नाहीच. १९८५ पासून २०२१ पर्यंत अशा १४४ सामन्यांत १५ व्या मानांकनाचा संघ फक्त ९ वेळा जिंकला होता.

२०२२ मध्ये पूर्व गटात २ नंबरला होतं केंटकी. आठ वेळा राष्ट्रीय विजेते. त्यांचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी, वर्षाचा पगार ऐंशी लाख डॉलरच्या वर. १५ नंबरला सेंट पीटर्स. त्यांच्या पुरुष संघाचा वर्षाचा सगळा खर्च, म्हणजे प्रवास, हॉटेल, शिष्यवृत्त्या, प्रशिक्षकांचे पगार धरून, कॅलिपारींच्या एकट्याच्या पगाराच्या पाव हिश्श्यातही भागत होता. आणि सेंट पीटर्सने या स्पर्धेत तोवर एकही सामना जिंकलेला नव्हता. १९९१, १९९५, २०११, तिन्ही वेळा पहिल्याच फेरीत घरी.

सामना १७ मार्चला, इंडियानापोलिसमध्ये. केंटकीचा ऑस्कर शिब्वे त्या वर्षी देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, आणि त्या रात्री तो तसाच खेळला: ३० गुण, १६ रिबाउंड. मोरांकडे त्याला उत्तर नव्हतं. मग त्यांनी काय केलं? बाकीच्यांना अडवलं. त्याला घेऊ दे त्याचे तीस, उरलेल्यांना सहज काही मिळू द्यायचं नाही. डॅरिल बँक्सने २७ गुण केले. डग एडर्ट नावाचा एक मिशीवाला पोरगा, जो सुरुवातीच्या पाचातही नव्हता, बाकावरून उठून आला आणि २० गुण करून गेला. शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्यानेच बरोबरी साधली, ७१-७१. जादा वेळेत केंटकीने ८ गुण केले, मोरांनी १४. निकाल ८५-७९. केंटकीने त्या रात्री डझनभर फ्री थ्रो वाया घालवले. फ्री थ्रो म्हणजे समोर कुणी अडवणारा नसताना, उभं राहून मारायचा चेंडू. सहा गुणांनी हरलेल्या संघाला हे किती खुपलं असेल बघा.

हा ‘चमत्कार’ होता असं लोक म्हणतात, तेव्हा मला जरा चिडायला होतं. म्हणजे दुर्मीळ होता हे मान्यच आहे, आकडा मी आत्ताच दिला. पण चमत्कार म्हटलं की तो घडवणाऱ्याची मेहनत पुसली जाते. शाहीन हॉलोवे हा प्रशिक्षक २०१८ मध्ये इथे आला. न्यू यॉर्कमधल्या क्वीन्सचा माणूस. शाळेत असताना देशातल्या निवडक मुलांच्या १९९६ च्या सामन्यात सर्वोत्तम खेळाडूचा मान याला मिळाला होता, आणि त्याच सामन्यात कोबी ब्रायंटही खेळत होता. पुढे कोबी कोबी झाला. हॉलोवे अमेरिकेबाहेरच्या लीगांमध्ये खेळून कोचिंगकडे वळला. सेंट पीटर्समधलं त्याचं पहिलं वर्ष १० विजय, २२ पराभव. मार्च २०२० मध्ये संघ जरा उभा राहत होता तोच कोविडने स्पर्धा बंद पाडली. बँक्स, एडर्ट आणि मॅथ्यू ली हे तिघं २०१९ मध्ये आलेले, केसी न्डेफो त्याच्याही आधीचा. माली देशातून आलेले ड्रामे नावाचे जुळे भाऊ होते. यांपैकी जवळपास कुणाच्याच दारात मोठ्या कॉलेजांची रांग लागलेली नव्हती. ही पोरं तीन-तीन वर्षं एकत्र खेळत होती.

‘कोवळी पोरं विरुद्ध मुरलेली पोरं’ असंही याचं स्पष्टीकरण बरेचदा देतात. ते मला पटत नाही, कारण त्या वर्षीच्या केंटकीकडेही वयाने मोठे खेळाडू होतेच. फरक असा की त्यांच्यातले बरेच इतर कॉलेजांमधून नुकतेच आणून जमवलेले होते. शिब्वे स्वतः वेस्ट व्हर्जिनियातून आलेला. वय सारखं असलं तरी सवय सारखी नव्हती. बचाव करताना शेजारचा कधी सरकणार हे न बघता कळावं लागतं, आणि ते जमायला वेळ द्यावा लागतो.

शिवाय हॉलोवे दहा-दहा खेळाडू आलटून पालटून आत पाठवायचा. एकही थकायचा नाही, त्यामुळे समोरच्याच्या अंगावर सतत ताजे पाय. खेळ संथ ठेवायचा, म्हणजे दोन्ही बाजूंना संधी कमी. संधी जितक्या कमी तितका ताकदवान संघाचा फायदा कमी. हे साधं गणित आहे. याच दोन संघांना दहा वेळा खेळवलं असतं तर केंटकी बहुतेक आठ-नऊ वेळा जिंकलं असतं. पण बाद फेरीत दहा वेळा खेळवत नाहीत.

दोन दिवसांनी मरे स्टेट, सलग वीसहून जास्त सामने जिंकून आलेला संघ. ७०-६०. मग फिलाडेल्फियात २५ मार्चला तिसऱ्या मानांकनाचं पर्ड्यू. त्यांच्याकडे झॅक एडी, उंची ७ फूट ४ इंच. मोरांचा मुख्य बचावपटू न्डेफो ६ फूट ७ इंच. फोटोत दोघं शेजारी उभे बघितले तर हसू येतं. पर्ड्यूचाच जेडन आयव्ही, जो तीन महिन्यांनी एनबीएच्या निवडीत पाचव्या क्रमांकावर गेला. सेंट पीटर्स ६७, पर्ड्यू ६४. १५ वं मानांकन असलेला संघ शेवटच्या आठांत, हे या स्पर्धेत पहिल्यांदाच घडलं. आधी फ्लोरिडा गल्फ कोस्ट आणि ओरल रॉबर्ट्स शेवटच्या सोळांपर्यंत आले होते, तिथेच थांबले होते.

२७ मार्चला नॉर्थ कॅरोलायनाने मोरांना ६९-४९ ने हरवलं. मध्यंतरालाच ३८-१९ होतं. त्यावर फार बोलण्यासारखं काही नाही.

आता तो दुसरा भाग. हे अकरा दिवस चालू असतानाच एक गोष्ट शेजारी घडत होती. जर्सी सिटीपासून फार लांब नसलेलं सीटन हॉल, मोठ्या लीगमधलं कॉलेज, हॉलोवेचं स्वतःचं कॉलेज. २००० च्या स्पर्धेत याच सीटन हॉलसाठी त्याने शेवटच्या दोन सेकंदांत बास्केट करून ओरेगनला हरवलं होतं. तिथले प्रशिक्षक २१ मार्चला, म्हणजे मरे स्टेट आणि पर्ड्यूच्या सामन्यांच्या मधे, मेरीलँडला निघून गेले. आता त्या खुर्चीवर कोण बसणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. स्पर्धेतून बाहेर पडल्यावर तीनच दिवसांनी हॉलोवे सीटन हॉलचा प्रशिक्षक झाला.

मग खेळाडू. २०२१ पासून एनसीएएने दोन दारं उघडली होती. एक, कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसायची अट पहिल्या वेळेसाठी काढली. दोन, खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे मिळवायची मुभा दिली. एडर्टला स्पर्धा चालू असतानाच बफेलो वाइल्ड विंग्ज या चिकन विकणाऱ्या साखळीची जाहिरात मिळाली. आणि उन्हाळा यायच्या आत संघ फुटला. बँक्स सेंट बोनाव्हेंचरला, एडर्ट ब्रायंटला, न्डेफो हॉलोवेच्या मागे सीटन हॉलला, ड्रामे बंधू ला सालला. एकत्र राहायला ज्यांना तीन वर्षं लागली ते काही आठवड्यांत पाच दिशांना गेले.

इथे रागवायचं कुणावर? मला तरी त्या पोरांवर रागावता येत नाही. वर्षानुवर्षं कॉलेज, प्रशिक्षक आणि टीव्हीवाले यांनी या खेळावर पैसा केला, आणि खेळणाऱ्याला हलायचीसुद्धा मोकळीक नव्हती. पुढच्या वर्षी मोर पुन्हा जिंकतील याची हमी कोण देणार होतं? ज्या हॉलोवेने निवडलं तोच गेलेला. बाजारात भाव आहे तेव्हाच माणूस निघतो, आपण नोकऱ्या बदलताना वेगळं काय करतो? हॉलोवेच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. तरीही कॉलेजच्या बाजूने बघितलं तर अवघड जागी दुखणं आहे. मोठ्या कॉलेजांना आता पोरं हुडकायची, घडवायची गरज उरली नाही. लहान कॉलेजने घडवलेली मार्चमध्ये टीव्हीवर बघायची आणि एप्रिलमध्ये उचलायची.

कॉलेजच्या हाती काय लागलं? थोडे पैसे जरूर. स्पर्धेत खेळलेल्या सामन्यांमागे लीगला हिस्सा मिळतो, एका हिश्श्याचे सहा वर्षांत मिळून सुमारे वीस लाख डॉलर होतात. मोर चार सामने खेळले. पण ते पैसे आधी लीगकडे जातात आणि मग त्यांची वाटणी होते. आणि नाव. ते मात्र झालं.

सेंट पीटर्सने नंतर बशीर मेसनला आणलं. हा जर्सी सिटीचाच. गावातल्या सेंट अँथनी शाळेत बॉब हर्ली यांच्या हाताखाली शिकलेला. ते हर्ली शाळेचे प्रशिक्षक असूनही बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले, आणि त्यांची ती शाळा २०१७ मध्ये पैशांअभावी बंद पडली. जर्सी सिटीत बास्केटबॉल काय चीज आहे ते यावरून कळावं. मेसनने जवळपास नव्याने संघ बांधला. २०२४ मध्ये मोर पुन्हा आपली लीग जिंकून राष्ट्रीय स्पर्धेत आले, पुन्हा १५ व्या मानांकनावर, आणि पहिल्याच फेरीत टेनेसीकडून सपाटून हरले. माझ्या मते ते येणं २०२२ पेक्षा फार कमी अवघड नव्हतं, पण त्याच्यावर मिशीवाल्या पोराची जाहिरात झाली नाही.

त्यांच्या जिमचं नाव आहे ‘रन बेबी रन अरीना’. ते १९६८ च्या संघावरून पडलं. तेव्हा याच कॉलेजने एनआयटी नावाच्या दुसऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत ड्यूकला १००-७१ असं धुतलं होतं. जर्सी सिटीकर मंडळींनो, हिवाळ्यात एखाद्या संध्याकाळी डोसा खाऊन झाला की तिकडे चक्कर मारा. जागा लहान आहे, कुठूनही सगळं दिसतं.

पुढच्या भागात न्यू जर्सीचंच आणखी एक कॉलेज घेऊ, फेअरली डिकिन्सन. १६ वं मानांकन, २०२३, आणि समोर बिचारं पुन्हा पर्ड्यूच. तोवर नमस्कार.