दहापैकी सात
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



२५ वर्षांत आपल्याकडे पाण्यावरून, पार्किंगवरून भांडणं झाली आणि मिटलीही. गेटजवळच्या कुत्र्यांचा विषय मात्र प्रत्येक जनरल बॉडीत नव्यानं निघतो. कुणी म्हणतं खायला घालू नका, कुणी म्हणतं मुकी जनावरं आहेत. मी आज कुठल्याच बाजूनं बोलणार नाही. आयुष्य बँकेत गेलं, तेव्हा फक्त हिशेब मांडतो.

रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्र्यांमुळे होणाऱ्या रेबीजचे जगातले सुमारे एक तृतीयांश बळी एकट्या भारतात जातात, आणि त्यांत लहान मुलं फार असतात.

आता शेजारच्या गोव्याचं उदाहरण बघा. तिथे २०१३ ते २०१९ या काळात रेबीज हटवण्याची जी मोहीम झाली, तिचा अभ्यास २०२२ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात आला. मोबाईलवरच्या नकाशावर गल्ल्या वाटून घेऊन वर्षाला ९५,००० हून जास्त कुत्र्यांना लस टोचली, म्हणजे १०० पैकी ७०. वर्षाला दीड लाख मुलांना माहिती दिली. परिणाम काय? कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे रेबीजचे मृत्यू थांबले.

७० टक्केच का? पिसाळलेला कुत्रा ज्याला चावेल त्याला बहुतेक वेळा लस दिलेली असली, की रोग पुढे सरकत नाही. साखळी तुटते. उलट ओळखीची, लस दिलेली कुत्री हाकलली, तर त्यांच्या जागी बिनलशीची नवी येतात. म्हणजे मुद्दलही गेलं आणि व्याजही!

तरीही कुत्रा चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. चुना, मिरची, हळद काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि सगळे डोस पुरे करा. हप्ता चुकवून चालत नाही. रक्त आलं असेल तर जखमेत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. पूर्वी ती प्रतिपिंडं घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातूनच मिळवावी लागत. आता आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं प्रयोगशाळेत बनवलेलं प्रतिपिंडही मिळतं.

कमिटीला माझी विनंती अशी. जयंती निधीतून थोडी रक्कम बाजूला काढा. आपल्या आवारातल्या कुत्र्यांची नोंदवही करा, दरवर्षी पशुवैद्यांना बोलावून लस टोचून घ्या आणि तारीख लिहून ठेवा. शेजारच्या सोसायट्यांनाही बरोबर घ्या, कारण कुत्र्यांना आपली कंपाउंड वॉल ठाऊक नसते. खायला घालणाऱ्यांनी कुत्री धरून द्यावीत, कारण ती त्यांच्याच हाताला येतात. विरोध करणाऱ्यांनी वर्गणी द्यावी. भांडण राहिलं तर राहू दे, पण खाली खेळणारी पोरं दोन्ही बाजूंची आहेत.