साल्मियातलं भाड्याचं घर

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर ‘अल सबाह कोर्ट’ ही इमारत आहे, कुवेतच्या राजघराण्याच्या मालकीची. 1961 पर्यंत कुवेतमध्ये रुपयाच चालायचा, तेव्हाच्या घरोब्याची ही खूण. आज मात्र कुवेतमधल्या साल्मिया या भागात वीस-पंचवीस वर्षं राहिलेल्या मराठी कुटुंबालाही तिथं स्वतःचं घर सहसा घेता येत नाही. परदेशी माणसाच्या घरमालकीवर 1979 च्या कायद्यानं कडक बंधनं आहेत.

तरी साल्मिया सोडवत नाही. भारतीय शाळा जवळ, सालेम अल मुबारक रस्त्यावरचा बाजार पायाखालचा, समुद्र हाकेच्या अंतरावर. पन्नास अंशांच्या उन्हाळ्यात ‘जवळ’ असण्याचं मोल मुंबईकरालाही पटेल!

घर बघताना आधी गाठायचा तो हारिस, म्हणजे इमारतीचा रखवालदार. कुठला फ्लॅट रिकामा होणार, पाणी कुठं गळतं, सगळं त्याला ठाऊक. मग लेखी करार आणि प्रत्येक भाड्याची पावती; ती जपून ठेवाच. 1978 च्या भाडेकायद्यानं मालकाला पाच वर्षांच्या आत भाडं वाढवता येत नाही. जुन्या भाडेकरूला हे कलम फार उपयोगी पडतं. सिव्हिल आयडी या कुवेतच्या ओळखपत्रावर याच घराचा पत्ता लागतो, म्हणून घर बदललं की तोही लगेच बदलून घ्यावा.

मालकीचं घर मग पुण्यात, नाशिकला घेतलं जातं. अनिवासी भारतीयाला फ्लॅट खुशाल घेता येतो. शेतजमीन विकत घेण्याची मात्र सर्वसाधारण परवानगी नाही.